डाव्या पायाचं मत

"काही हरवलंय का?" तिने विचारलं.

तो माणूस दचकला नाही. दोन्ही तळहात काचेवर टेकवून, त्यांच्या मधोमध नाक लावून तो तिच्या गाडीच्या आत बघत होता. पावसाची भुरभुर चालली होती. त्याच्या श्वासाने काचेवर वाफेचा एक गोल उमटला होता. तो बाहीने पुसत, मागे न वळताच तो म्हणाला, "हो. तिसरं पेडल."

"या गाडीला ते नसतं."

"तेच तर दुःख आहे." मग तो वळला. केस भिजून कपाळाला चिकटलेले, भुवईवर एक थेंब लोंबकळत असलेला, आणि पकडलं गेल्याची लाज चेहऱ्यावर अजिबात नाही. "इतकी देखणी गाडी... आणि गिअरबॉक्स मात्र सोफ्याचा."

तिच्या हातात बाटल्यांचा ट्रे होता. ती तेलं तपासायची. जहाजांच्या, ट्रकच्या, कारखान्यांच्या यंत्रांतलं वापरलेलं तेल छोट्या बाटल्यांतून तिच्या प्रयोगशाळेत यायचं आणि त्यात किती लोखंड, किती तांबं उतरलंय हे बघून ती सांगायची, की आत काय झिजतंय. यंत्र उघडावं लागायचं नाही. माणसांच्या बाबतीत अशी काही सोय नसल्यामुळे अनोळखी माणसांशी ती बेताचंच बोलायची. पण गाडीला कुणी नावं ठेवली तर ऐकून घ्यायचं नाही, हे तिच्या घरचं वळण होतं.

"सोफ्यावर बसून लांब जाता येत असेल तर बिघडलं कुठे?"

"झोप लागते ना."

"ज्याला लागायची त्याला स्टुलावरही लागते."

तो हसला. त्याने खिशातून किल्ली काढून तिच्यासमोर धरली. तशीच किल्ली, तसंच चिन्ह. त्याच्याकडेही हीच गाडी होती. लांब नाकाची, दोन दारांची, दूरच्या प्रवासासाठी बनवलेली ऐटबाज गाडी. तिची राखाडी, त्याची गडद हिरवी. फरक एवढाच, की ही गाडी बहुतेकांनी ऑटोमॅटिक घेतली होती. हाताने गिअर टाकायची फार थोडी निघाली, आणि त्यांतली एक त्याच्या वाट्याला आली होती.

"म्हणजे जुळी भावंडंच की," ती म्हणाली.

"हो. एक कामाला जातं, एक लोळत असतं."

"बाबांसमोर असं बोलू नका," ती दार उघडत म्हणाली. "गाडी त्यांची आहे."

"मग त्यांच्यासमोरच बोलायला हवं. कुठे भेटतील?"

भुवईवरचा थेंब तेवढ्यात पडला. तिने उगाचच तो पडताना पाहिला... आणि पत्ता सांगून टाकला.

*

बाबा आयुष्यभर जहाजांच्या इंजिनखोलीत राबलेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली आणि मग डोळ्यांनी दगा दिला. नजरेच्या मधोमध एक करडा डाग बसला. कडेकडेचं तेवढं दिसायचं. गाडी चालवणं सुटलं. तरी रविवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते तयार असायचे. मग लेकीने गाडी काढायची आणि त्यांना मंडळीत न्यायचं.

मंडळी म्हणजे गाड्यांचे वेडे. रविवारी बंद असणाऱ्या भाजीच्या घाऊक बाजाराच्या आवारात ती जमायची. आठवड्याचे कोबीचे पाले झाडून कोपऱ्यात लावलेले असायचे, आणि पत्र्याच्या छपराखाली सगळ्यांची बॉनेटं उघडी. तिथे बाबांना 'चीफ' म्हणत.

हिरवी गाडी आत शिरली तेव्हा चीफने मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने तिच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून ऐकलं.

"दुसऱ्यावरून पहिल्यात टाकताना इंजिनचे फेरे जुळवून घेतले," ते म्हणाले. "येतं याला."

"काका, तुमच्या गाडीत हे आपलं आपण होतं," तो उतरत म्हणाला. "म्हणून तर वाईट वाटतं."

आणि वादाला तोंड फुटलं. खरं तर ते कधी बंदच झालेलं नव्हतं. या गाडीला ऑटोमॅटिक शोभतो की नाही, यावर मंडळीत वर्षानुवर्षं रण माजत होतं. फक्त दुसऱ्या बाजूला तोलामोलाचा माणूस नव्हता.

"ऑटोमॅटिक म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास," वकीलबाई म्हणाल्या. त्या कोर्टात जितकं बोलायच्या त्याहून जास्त इथे बोलायच्या.

"मी दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून उभा असतो," दातांचे डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळी माझ्या डाव्या पायाला कुणी सुट्टी देत असेल तर मी त्याचे पाय धरीन."

बाबांनी हात वर केला. "ही शर्यतीची गाडी नाही. सकाळी निघायचं, दुसऱ्या टोकाला संध्याकाळी पोचायचं आणि उतरताना शर्टाची इस्त्री मोडलेली नसावी, म्हणून ती बनवली. तिला क्लच लावणं म्हणजे झोपाळ्याला लगाम घालणं."

"पण काका, माझी गाडी मला काहीतरी विचारते, मी तिला उत्तर देतो. तुमची स्वतःच विचारते आणि स्वतःच उत्तर देते. आपण नुसते पाहुणे."

"आणि तुमचं उत्तर चुकलं, की तिचे दात खणखणतात," ती मागून म्हणाली.

सगळे वळले. ती मंडळीत सहसा बोलायची नाही. तो मात्र तिच्याकडे असा बघत राहिला, जसं काही ती बोलेपर्यंतच त्याने हा सगळा वाद ताणला होता.

"दात खणखणले तर माझ्याकडे पाठवा," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी मंडळीने त्याचं नाव 'क्लच' ठेवलं. तो पुलांची तपासणी करणारा इंजिनिअर होता. दोरांना टांगलेल्या पाळण्यात बसून पुलांच्या पोटाखाली फिरायचा आणि तडे शोधायचा. पण ते नंतर कळलं. आधी तो क्लचच झाला. आणि त्याने तिचं नाव ठेवलं, 'प्रयोगशाळा'.

*

"चालवून पाहिलीत का कधी ऑटोमॅटिक?" एका रविवारी तिने विचारलं.

"निंदा करायला चालवावी लागते होय?"

तिने किल्ली त्याच्या हातात ठेवली. बाबा मागच्या अरुंद सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. हा प्रयोग ते चुकवणार नव्हते.

पहिल्या वळणापर्यंत तो आदबीने चालवत होता. मग समोरून हातगाडी आली, त्याने वेग कमी केला आणि सवयीने त्याचा डावा पाय क्लचवर गेला. क्लच नव्हताच. होतं ते ब्रेकचं रुंद पेडल. त्यावर तो पाय धाडकन पडला, गाडी जागच्या जागी थिजली आणि तिघेही पुढे फेकले गेले. थर्मास घरंगळत पायाशी आला.

मागून बाबांचा शांत आवाज आला. "आमच्या गाडीला क्लच नाही, हे कुणीतरी क्लचला सांगा."

ती हसू लागली. तिला थांबवता येईना. तो कानापर्यंत लाल झाला होता आणि स्वतःच्या डाव्या पायाकडे बघत होता, जसं आपलं पोर पाहुण्यांसमोर काहीतरी बोलून गेल्यावर बघावं. "त्याला बेकारीची सवय नाही हो," तो पुटपुटला.

मग बाबांना घरी सोडून ते दोघंच नदीकाठच्या रस्त्याने गेले. तिने त्याला समजावून सांगितलं, की यात इंजिन आणि चाकं एकमेकांना थेट धरत नाहीत. मध्ये तेल असतं. इंजिन तेलाला घुसळतं, तेल पुढचं चक्र फिरवतं. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे असावेत आणि एकाच्या वाऱ्याने दुसरा फिरावा, तसं.

"म्हणजे सगळं मध्यस्थामार्फत. भेट नाहीच?"

"वेग आला, की आतला एक क्लच दोघांना घट्ट जोडून टाकतो."

त्याने गाडी बाजूला घेतली. या वेळी उजव्या पायाने, हळुवार. "थांबा. म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये क्लच आहे?"

"आहे. पण तो स्वतःची जाहिरात करत नाही."

त्याने इंजिन बंद केलं. टपावर पाऊस टपटपत होता. मग स्टिअरिंगकडे बघतच म्हणाला, "प्रयोगशाळा, तुझं लग्न ठरलंय का कुठे?"

"अचानक 'तू' झाले वाटतं मी."

"गिअर बदलला. जाणवला का?"

"नाही," ती म्हणाली. "सफाईदार होता."

*

पुढचे महिने सुखाचे गेले. ती दोघं भेटायची, भांडायची. भांडण नेहमी तेच. तो तिच्या गाडीत बसला, की चढावर त्याचा डावा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा, आणि ती म्हणायची, "आला बघ बेकार." तो तिला हिरव्या गाडीत बसवून घाट चढवायचा, प्रत्येक गिअरला तिच्याकडे बघायचा, आणि ती मुद्दाम जांभई द्यायची.

काही गोष्टी ती बघत होती. बघणं हा तिचा पेशाच होता. गाडीतून उतरताना डाव्या गुडघ्यापाशी पँट चिमटीत धरून तो पाय उचलून बाहेर ठेवायचा. तिला ती ऐट वाटली. त्याच्या डाव्या बुटाचं टोक तेवढं घासलेलं होतं. पुलावरच्या कामाने असेल. एकदा बाजाराच्या उतरत्या फाटकातून मागे येताना हिरवी गाडी दोनदा बंद पडली. मंडळीने टाळ्या पिटल्या. तोही वाकून सलाम करत हसला. आणि पावसाळा संपता संपता तिच्या लक्षात आलं, की तिच्या गाडीत बसल्यावर त्याचा डावा पाय आता काही शोधत नाही. पायपोसावर गप्प पडून असतो.

शिकला अखेर, तिला वाटलं. आणि मनातल्या मनात ती फुलून आली.

मग एका रविवारी तो चालत आला. हिरवी गाडी विकली, म्हणाला.

वकीलबाईंच्या हातातला पाव हातातच राहिला.

"दुसरी कुठली घेतलीस?" बाबांनी विचारलं.

"काहीच नाही. पण घेतलीच तर हीच घेईन, ऑटोमॅटिक." त्याने घसा साफ केला. "मी विचार केला, काका. तुमचं बरोबर होतं. लांबच्या गाडीत डाव्या पायाला काही काम नाही."

क्षणभर कुणाला काही सुचेना. मग सगळ्यांना एकदमच सुचलं.

"क्लच सुटला हो," डॉक्टर म्हणाले.

"प्रेमात माणूस घराणं बदलतो असं ऐकलं होतं," वकीलबाई म्हणाल्या. "याने गिअरबॉक्स बदलला. माझ्याकडे असे अशील आले की मी फी घेत नाही, थेट आहेर पाठवते."

"अहो, पण मुलीला विचारलंय का?"

"गाडी विकली म्हणजे विचारल्यासारखंच की."

ती बॉनेटआड वाकून तेलाची पातळी बघत होती. पातळी तिने आताच पाहिली होती. कान तापले होते. जरा वेळाने तिने डोकं वर काढलं, तेव्हा तो तिच्याकडेच बघत होता. हसत होता... पण त्या हसण्यात काहीतरी उशिरा पोचत होतं. तिला ते तेव्हा कळायला हवं होतं, असं नंतर तिला अनेकदा वाटलं.

घरी जाताना बाबा म्हणाले, "मग? कधी बोलणार आहे तो?"

"कशाबद्दल?"

"मला मधलं दिसत नाही, पोरी. कडेचं सगळं दिसतं."

*

तो बोलला नाही, म्हणून तीच बोलली. प्रयोगशाळेखालच्या रस्त्यावर, जिथे पहिल्यांदा भेटली होती तिथेच, दोघं तिच्या गाडीत बसली होती. काचा वाफाळल्या होत्या. तिने खूप जुळवाजुळव केली होती, पण तोंडून निघालं ते साधंच.

"माझ्यासाठी मत बदललंस. मला बरं वाटलं."

त्याने बोटाने काचेवर एक रेघ ओढली.

"तसं असतं तर फार बरं झालं असतं," तो म्हणाला.

तिला समजलं नाही.

"माझं मत अजून तेच आहे, प्रयोगशाळा. या गाडीला क्लचच हवा. मत नाही बदललं... पाय बदलला."

मग त्याने सांगितलं. क्लच जड लागतोय असं आधी वाटलं, म्हणून त्याने गॅरेजला दाखवला. क्लच ठणठणीत होता. मग स्वतःला दाखवलं. पावलापर्यंत हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत होत्या. आधी डावं पाऊल. आता पोटरी. पुढे दुसरा पाय, हात, मग आवाज. क्रम थोडाफार मागेपुढे, पण दिशा एकच. त्यावर औषध नव्हतं. ऑफिसने त्याला पाळण्यातून काढून टेबलाशी बसवलं होतं.

"मंडळीत सगळे चिडवायला लागले, तेव्हा मला खरं सांगता आलं असतं," तो म्हणाला. "पण ते जे समजले ते इतकं छान होतं... वाटलं, राहू दे थोडे दिवस. चूक झाली."

तिने प्रश्न विचारले. एकामागून एक, नेमके. निदान कुणी केलं, दुसरीकडे दाखवलं का, श्वासाच्या स्नायूंचं काय. त्याने सगळ्यांची उत्तरं दिली. तिचे प्रश्न संपले तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण रडतोय आणि ते बऱ्याच वेळापासून चाललंय.

"मला काही फरक पडत नाही," ती म्हणाली.

"पडेल."

"लग्न करू या."

"नको." त्याने मान हलवली. "माझ्या बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी शाळेत होतो. आईने केलं सगळं. न्हाऊमाखू घातलं, भरवलं, कूस बदलली, वर्षानुवर्षं. शेवटी शेवटी तिच्या तोंडात त्यांच्याबद्दल एक चांगला शब्द उरला नव्हता. ती वाईट नव्हती गं. दमली होती. आणि बाबांना ऐकू यायचं सगळं."

"मी तुझी आई नाही."

"नाहीस. आणि तुला तसं होताना मी बघणार नाही. मला ऐकू येणार आहे शेवटपर्यंत."

तिने वाद घातला. त्या दिवशी घातला, पुढच्या आठवड्यांत घातला, फोनवर घातला, त्याच्या जिन्यात उभं राहून घातला. गिअरबॉक्सवर इतके महिने भांडलेल्या माणसांना भांडणाचा कंटाळा नसतो. पण या वादात त्याने एकदाही विनोद केला नाही. त्यावरून तिला कळलं, की तो हलणार नाही.

*

त्याची ताई समुद्रकाठच्या गावात राहायची. घर बैठं होतं, एकही जिना नव्हता. हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याने तिकडे जायचं ठरवलं.

"मी सोडते," ती म्हणाली.

"भाड्याची गाडी सांगितलीय."

"त्या भाड्याच्या गाडीत तू दिवसभर बसणार? पाठीचं काय होईल? लांब जायला हीच गाडी लागते. मंडळीत कुणालाही विचार."

तो हसला. कित्येक दिवसांनी. मग हसू आवरून म्हणाला, "एका अटीवर. सोडायचं, माघारी फिरायचं, आणि मग यायचं नाही. मला बिघडताना बघायला यायचं नाही. शब्द दे."

"तेच तर माझं काम आहे. नमुना बघून सांगायचं, की—"

"शब्द दे."

तिने दिला. नाही दिला असता तर तो दिवसही मिळाला नसता.

सकाळी बाबांनी त्याला गाडीत बसवायला मदत केली. एकाला नीट दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला नीट उभं राहता येत नव्हतं. दोघांनी एकमेकांना धरून ते कसंबसं निभावलं. बाबा खिडकीत वाकले. त्यांना त्याचा चेहरा बघायचा होता, म्हणून त्यांनी मान तिरकी केली.

"तुझ्यासारखा भांडणारा परत मिळायचा नाही," ते म्हणाले आणि घाईने घरात गेले.

गाडी निघाली. अशा दिवसासाठीच ती बनवली होती. रस्ता तिच्या लांब नाकाखाली सरकत राहिला, शेतं मागे पडली, विटांच्या भट्ट्या मागे पडल्या. आत फक्त चाकांची गाज होती. गिअर कधी बदलले ते कळतही नव्हतं. बाबा म्हणायचे ते खरं होतं. ही गाडी अंतर खाऊन टाकायची. तिने वेग कमी ठेवला. मागचे ट्रक हॉर्न देत पुढे गेले.

"बैलगाडी बरी," तो म्हणाला.

"गप्प बस. पाहुणा आहेस."

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "खरं सांग. पाय शाबूत असता, तर मत बदललं असतंस?"

"नाही."

"माझ्यासाठीसुद्धा?"

"तुझ्यासाठी तर मुळीच नाही. मग भांडायला काय उरलं असतं?"

घाट सुरू झाला. एका बाजूला दरी, दरीत धुकं. तिचा उजवा हात स्टिअरिंगवर होता. डाव्याला काही काम नव्हतं, तो मांडीवर पडला होता. त्याने आपला उजवा हात उचलला. उचलायलाही आता त्याला थोडा विचार करावा लागायचा. त्याने तो तिच्या हातावर ठेवला. मग बोटं तिच्या बोटांत घातली. पकड सैल होती, पण होती.

वळण आलं. गाडीने आपली आपण खालचा गिअर घेतला, चढ संपल्यावर वरचा घेतला. पुन्हा वळण. पुन्हा तसंच. तिला हात सोडवून घ्यावा लागला नाही. एकदाही नाही.

"हं," तो म्हणाला.

"काय?"

"मंडळीत हा मुद्दा कुणीच मांडला नव्हता."

"कुठला?"

त्याने गुंतलेले हात जरासे वर उचलून दाखवले. "माझ्या गाडीत हे जमलं नसतं. दर वळणाला तुला सोडावं लागलं असतं." तो समोर बघत होता. "माझं मत बदललं. अगदी खरोखर. सांग मंडळीला."

"गिअरबॉक्सबद्दल?"

"गिअरबॉक्सबद्दल."

ती थांबली. अजून काही येईल म्हणून थांबली. एक वळण गेलं, दुसरं गेलं. त्याने तिचा हात आणखी जवळ ओढून घेतला, पण बोलला काही नाही. आणि तिनेही मग विचारलं नाही, कारण त्याचा आवाज कसा आला असता ते तिला ऐकवलं नसतं.

घाटाखाली समुद्र दिसायला लागला. तिला तो इतक्यात यायला नको होता.

ताईच्या दाराशी पायऱ्यांवर फळी टाकून उतार केला होता. लाकूड नवं, अजून पिवळं. ताई चाकाची खुर्ची घेऊन बाहेर आली. भावासारख्याच भुवया. तिने गाडीत एकदा पाहिलं, दोघांचे हात पाहिले आणि खुर्ची तिथेच सोडून ती आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

इंजिन बंद झालं. गार होणाऱ्या धातूची टिकटिक सुरू झाली.

"चहा घेऊन जा, असं ताई म्हणेल," तो म्हणाला. "घेऊ नकोस. उजेडात घाट चढ."

"हो."

"दिलेला शब्द..."

"माहीत आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. पुलाच्या पोटाखाली तो तडे बघायचा तेव्हा असाच बघत असेल, असं तिला वाटलं. इंच इंच, काही सुटू नये म्हणून. मग त्याने स्वतःची बोटं एकेक करून तिच्या बोटांतून सोडवून घेतली. त्याला वेळ लागला. तिने मदत केली नाही.

"जपून जा, प्रयोगशाळा."

*

परतताना रस्ता रिकामा होता. गाडी तशीच चालली होती, तितकीच मऊ. घाटात गिअर बदलत होते. कुणी न सांगता, कुणाला न विचारता. तिचा डावा हात मांडीवर होता. तिने तो स्टिअरिंगवर ठेवला. मग गिअरच्या दांड्यावर ठेवला; तिथेही त्याची गरज नव्हती. मग काचेवर ठेवला, मग पुन्हा मांडीवर. तो कुठेच राहीना. एवढा शहाणा गिअरबॉक्स, सगळं काही आपलं आपण करणारा... तिला त्याचा राग आला. वळणावळणाला त्याने तिच्याकडे काहीतरी मागावं, हात लागेल असं काहीतरी, आणि तो काही मागत नव्हता.

रात्री उशिरा ती घरी पोचली. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर परातीत मटारच्या शेंगांचा ढीग. ही कामं ते बोटांनी करायचे, त्यांना बघावं लागायचं नाही. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कशी चालली?"

"छान चालली."

ती खुर्चीत बसली. किल्ली टेबलावर ठेवली. बाबांचं बोट शेंगेच्या शिवणीवरून फिरत होतं, दाणे टपटप पडत होते.

"त्याचं मत बदललं, बाबा," ती म्हणाली. "या वेळी खरंच. ऑटोमॅटिकच बरा, म्हणाला."

बाबा थांबले. "आणि तू?"

तिचा डावा हात टेबलावरच्या किल्लीशी चाळा करत होता.

"मॅन्युअलवाले काय म्हणतात ते मला आज कळलं," ती म्हणाली. "हाताला काहीतरी काम लागतं."

बाबांनी अंदाजाने हात पुढे करून परात तिच्याकडे सरकवली.